हातपंपाच्या दोन झडपा



विंधन विहिरीवरील हातपंप बंद पडला, की सर्वांचे लक्ष दांड्याकडे आणि साखळीकडे जाते. दिसणारे भाग तेवढेच असतात. पाणी वर येणे मात्र जमिनीखाली, पाण्यात बुडालेल्या सिलिंडरमधील दोन लहानशा झडपांवर अवलंबून असते.

दांडा खाली दाबला, की सळईच्या टोकाचा दट्ट्या वर जातो. त्यावरील झडप पाण्याच्या भाराने मिटते आणि वरचे पाणी उचलले जाते. त्याच वेळी तळाची झडप उघडून नवे पाणी आत शिरते. दांडा वर सोडला, की तळझडप मिटते, दट्ट्याची उघडते व दट्ट्या पाण्यातून खाली उतरतो. या झडपा चालविणारा कोणी नसतो. पाण्याचा दाब आणि त्यांचे स्वतःचे वजन हेच काम करतात. म्हणूनच त्यांची घडण काटेकोर हवी. झडप फार उंच उचलली गेली तर मिटण्यास उशीर होऊन पाणी मागे निसटते. कमी उचलली गेली तर वाट अरुंद होते. बैठकीवर वाळूचा कण अडकला तरी गळती होते. सकाळी पहिल्या घागरीपूर्वी बराच वेळ दांडा रिकामा हलवावा लागत असेल, तर रात्रीतून पाणी तळझडपेतून किंवा पाइपच्या सांध्यातून उतरून गेले, असे समजावे.

१९७० च्या दशकात तयार झालेल्या ‘इंडिया मार्क २’ची मुळे जालना व सोलापूर येथील पंपांत आहेत. त्याचा दट्ट्या ६३.५ मिलिमीटर व्यासाचा, धाव १२५ मिलिमीटर; म्हणजे एका खेपेस जेमतेम ०.४ लिटर पाणी. पंप मजबूत, पण खोट एकच: झडप किंवा वॉशर बदलण्यासाठी पाइपांची सबंध रांग उपसून काढावी लागते. वॉशरची किंमत ती काय! त्यासाठी गाडी आणि पथक येईपर्यंत बायकांनी दूरची विहीर गाठायची.

पुढे आलेल्या ‘मार्क ३’मध्ये पाइप रुंद करून सिलिंडरचे तोंड वरून मोकळे ठेवले. त्यामुळे दट्ट्या व तळझडप पाइपमधूनच सळयांसह वर घेता येतात. रुंद पाइपमुळे आरंभीचा खर्च वाढतो, हे खरे. तथापि गावातीलच प्रशिक्षित स्त्री-पुरुष मोजक्या हत्यारांनी झडप बदलू शकतात. नव्या पंपाची मागणी नोंदविताना हा हिशेबही सभेपुढे ठेवावा.