संबळ सागरापार

तुळजापूरच्या भवानीला गोंधळात आवतण देतात ना, तसंच ते हिंदी महासागरातल्या मॉरिशसमध्येही दिलं जातं. 1834पासून तिथल्या उसाच्या मळ्यांत करारावरचे मजूर गेले. त्यांत मराठी माणसं होती, बहुतेक कोकणातली. मजूर जिथं उतरत तो पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट 2006पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्या मराठी मजुरांच्या वंशजांच्या घरात आता क्रिओल बोलली जाते. पण लग्नकार्यातला गोंधळ आणि कोकणची जाखडी त्यांनी जपली आहे. गणेश चतुर्थीला तर देशभर सार्वजनिक सुट्टी! आपल्या धाराशिवकरांना मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, घरी गोंधळ घालाल तेव्हा या भावंडांचीही आठवण काढा. शाळांतून त्यांची मुलं आजही मराठी शिकतात.