कुरळ्या केसांची निगा

कोल्हापुरात जूनमध्ये पाऊस लागला की कुरळ्या केसांची मंडळी वैतागतात. सकाळी बसवलेले केस रंकाळा तलावापर्यंत जाईतो पिंजारलेले! हवेतली वाफ केसात शिरते, आतले नाजूक बंध सुटतात आणि भलत्याच आकारात पुन्हा जुळतात. त्यातून टाळूचं तेल वळणावळणाच्या केसाच्या टोकापर्यंत पोचत नाही. कुरळा केस मुळातच कोरडा.

तेव्हा कोरड्या केसांत फणी घालूच नका. न्हाताना कंडिशनर लावा आणि केस ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकाकडून वर गुंता सोडवत जा. टॉवेलनं खसाखसा पुसण्यापेक्षा जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं टिपा.

वळण टिकवायला जवस उत्तम. दोन चमचे जवस कपभर पाण्यात उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की गरम असतानाच फडक्यातून गाळा. गार झालं की गाळता गाळलं जात नाही. हे जेल ओल्या केसांना लावून बटा मुठीत धरून वर दाबा, मग वाळेपर्यंत हात लावू नका. उरलेलं फ्रिजमध्ये, आठवडाभरच.

एक गोष्ट मात्र आपल्या भागात सांगायलाच हवी. विंचरायचे राहिलेले केस गुंतत गुंतत त्यांची जट होते, कुरळ्या केसांची जरा लवकरच. ती सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीची खूण समजून कित्येक बायकांनी कापली नाही आणि तिच्या ओझ्यानं मानदुखी सोसली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समजूत काढून अशा जटा कापून देतात. गुंता कोवळा असेल तर तेल लावून बोटांनी सुटतो. नाहीच सुटला, तर सरळ कात्री लावा.