ओटा बाईच्या उंचीचा



संगणकाच्या पडद्याच्या तळाशी एक पट्टी असते. तिला टास्कबार म्हणतात. उघडलेल्या प्रत्येक कामाचे बटण तिथे दिसते. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर ती आली, तेव्हापासूनच ती माउसने ओढून वर किंवा बाजूला नेता येई, कड ताणून रुंदही करता येई. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी जणांची संगणकाशी पहिली ओळख झाली. पण ही पट्टी हलते, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

माझ्या कविता तुळजापुरातले एक डीटीपीवाले टाइप करतात. वय साठीच्या घरात, हात किंचित थरथरतो. त्यांच्या पडद्यावर पट्टी डावीकडे उभी, चांगली चार बोटे रुंद. मी विचारले, "अप्पा, ही अशी का?" ते म्हणाले, "भाई, पडदा आडवा अन् पान उभं. पट्टी खाली ठेवली की तुमच्या दोन ओळी गिळते. अन् बटण मोठं असलं की हात चुकत नाही."

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली प्रयोगांतून हेच दाखवले होते. लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. अरबी विंडोजमध्ये तर लिपी उजवीकडून चालते म्हणून स्टार्टचे बटणही उजव्या टोकाला असे.

२०२१ साली विंडोज ११ आले आणि पट्टी हलवायची सोय त्यातून काढून टाकली गेली. प्रत्येक कामाचे नावासह वेगळे बटणही गेले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. अप्पांनी आता साठीत हाताची सवय मोडायची काय?

थोडे उपाय आहेत. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखालचे स्केल वाढवले की बटणांसकट सगळेच मोठे दिसते. लिनक्सवरच्या केडीईत पट्टी चारही कडांना नेता येते, तेही फुकट. पण डीटीपीची पुष्कळ सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात. लोकांनी मागणी लावून धरली, तेव्हा नावांची बटणे २०२३ मध्ये विंडोज ११ मध्ये परत आली. तेव्हा मागत राहावे.

स्वयंपाकघराचा ओटा बांधताना शहाणा गवंडी आधी बाईची उंची विचारतो. तुमच्या घरी कुणी वडीलधारे संगणकापुढे डोळे बारीक करून बसत असतील, तर त्यांना एकदा विचारा, बटण केवढे हवे आणि कुठे हवे. मग होईल तेवढे करून द्या.