डावखुरे शंख

जव्हारजवळच्या जामसरकडे विहीर खणायला घेतली की आधी माती, मग मुरूम आणि मग काळा कातळ लागतो. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला लाव्हा. त्या आगीत शंख कसा टिकणार, असं कुणालाही वाटेल.

पण लाव्हा एका दमात आला नव्हता. दोन प्रवाहांच्या मध्ये कधी कधी हजारो वर्षांची उसंत असे. पाऊस पडे, खोलगट जागी तळी साचत, काठाला झाडं उगवत आणि पाण्यात गोगलगायी चरत. मग नवा प्रवाह येई आणि तळं गाडलं जाई. त्या चिखलाचा पुढे दगड झाला.

नागपूरजवळ टाकळीला असा थर सापडला. तिथले शंख स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने नेटाने गोळा केले आणि 1860 साली त्यांची सविस्तर वर्णनं छापली. पुढे तीनच वर्षांनी, टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना, पुरात बुडून त्याचा अंत झाला. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

त्या शंखांतला सगळ्यांत ओळखीचा म्हणजे फायसा प्रिन्सेपाय. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या नावाचा. शेंडी वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा, उघडी बाजू डावीकडे येते. बहुतेक शंखांची उजवीकडे असते. करड्या गारेत पांढुरका दिसणारा हा शंख कधी अंगठ्याएवढा भरतो. याचे आजचे भाईबंद जेमतेम नखाएवढे. आणि तो गोड्या पाण्यातला आहे, म्हणून तिथे समुद्र नव्हे, तळं होतं, हे ठरतं.

जामसरहून पाहिलं तर मुंबई नागपूरपेक्षा कितीतरी जवळ. तिथे वरळीच्या टेकडीतही असा तळ्याचा थर निघाला, बेडकांच्या सांगाड्यांसकट. म्हणून जव्हार-मोखाड्याचा कातळही डोळे उघडे ठेवून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. संग्रहालयातल्या शंखाची निम्मी किंमत, तो कुठे सापडला हे सांगणाऱ्या चिठ्ठीत असते. म्हणून काळ्या दगडांच्या मध्ये करडा, पातळ, चिवट थर लागला, तर गावाचं नाव, खोली, वरखालचा दगड लिहून ठेवा आणि तुकडा न फोडता भूशास्त्र शिकवणाऱ्या जवळच्या कॉलेजात दाखवा.