गांजाचे कायदे आणि अमेरिकेतील स्थलांतरित
(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संक्षेप)



अमेरिकेत गांजा आता खुला झाला, अशी समजूत आपल्याकडे रूढ होत चालली आहे. ती अर्धीच खरी आहे. १९९६ साली कॅलिफोर्नियाने औषध म्हणून गांजा वापरण्यास मुभा दिली. २०१२ साली कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांत प्रौढांना तो बाळगण्याची मोकळीक मिळाली. २०२३ अखेर अशा राज्यांची संख्या २४ झाली. परंतु ही मोकळीक राज्यांची आहे. परदेशातून आलेल्या माणसाने देशात राहावे की जावे, हे संघ सरकारचा कायदा ठरवितो. आणि १९७० च्या कायद्याने गांजाला नियंत्रित पदार्थांच्या यादीत घातलेले आहे. त्या यादीतील अनुसूची बदलून भागणार नाही. गांजा यादीतूनच वगळला जात नाही, तोवर स्थलांतरितावरील टांगती तलवार कायम राहील. नागरिकाने दुकानातून पावती घेऊन आणावी, तीच वस्तू स्थलांतरिताच्या खिशात सापडली तर त्याचे बिऱ्हाड उठू शकते.

हा भेद योगायोगाने निर्माण झालेला नाही. १९११ साली कॅलिफोर्नियाच्या औषधी मंडळाचे सदस्य हेन्री फिंगर यांनी वरिष्ठांना पत्र लिहून तक्रार केली, की ‘हिंदू’ लोकांचे लोंढे येत असून ते गोऱ्यांना गांजाची सवय लावतील. हे तथाकथित हिंदू म्हणजे बहुतांशी पंजाबचे शीख शेतकरी होते! १९१३ साली त्या राज्यात बंदी आली. पुढे १९३७ च्या संघीय कायद्याच्या नावातच ‘मारिहुआना’ हा मेक्सिकन मजुरांच्या बोलीतला शब्द आला. पदार्थाची भीती आणि परक्याची भीती अशा हातात हात घालून वाढल्या.

आता कायद्याची कलमे पाहा. स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा असेल, तर हद्दपारीतून सूट आहे. प्रवेश मागणाऱ्यास मात्र ती नाही. कायम वास्तव्याचा परवाना असलेला कामगार आईच्या आजारपणात मायदेशी गेला, तर परतताना त्याला दारातच अडविता येते. मग माफीचा अर्ज करायचा, आणि ती देणे न देणे सरकारच्या मर्जीवर. प्रवेशबंदीसाठी न्यायालयाने दोषी ठरविलेच पाहिजे असेही नाही. अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुरते. १९९६ च्या कायद्याने दोषसिद्धीची व्याख्या इतकी रुंद केली, की राज्याने दयाबुद्धीने पुसलेली नोंदही संघ सरकारच्या दप्तरी सामान्यतः जिवंत राहते.

दोन खटले सांगतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सैन्यात लढलेले आणि चाळीस वर्षे तेथे कायदेशीर राहिलेले होसे पादिया हे ट्रकचालक गांजा-वाहतुकीच्या आरोपात सापडले. गुन्हा कबूल केलात तरी हद्दपारीची चिंता नको, असा चुकीचा सल्ला त्यांच्या वकिलाने दिला होता. अशिलाला हा धोका सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. दुसरे एड्रियन मॉन्क्रिफ. वयाच्या तिसऱ्या वर्षी जमैकाहून आलेल्या या तरुणाच्या मोटारीत १.३ ग्रॅम गांजा सापडला. दोन-तीन विड्यांचा तो ऐवज! तेवढ्यावरून त्याला ‘गंभीर गुन्हेगार’ ठरविण्यात आले. २०१३ साली न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते अमान्य केले. त्यासाठी मात्र त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. किती मजुरांना हे शक्य आहे?

भांडवल आणि श्रम यांना लावलेले वेगळे माप तर याहून उघड आहे. राज्याचा परवाना घेऊन गांजाची शेती करणारा मालक उद्योजक म्हणून मिरवतो. त्याच शेतात राबणाऱ्या कायदेशीर रहिवाशाला मात्र, २०१९ च्या सरकारी मार्गदर्शिकेनुसार, त्या नोकरीपायीच ‘सच्चारित्र्या’च्या अभावाचे कारण दाखवून नागरिकत्व नाकारता येते. १० जुलै २०२५ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियातील परवानाधारक गांजाशेतीवर संघ सरकारने छापे घातले. रोख पिकावर नव्हता, मजुरांच्या कागदपत्रांवर होता. तीनशेहून अधिक जण पकडले गेले, आणि हरितगृहाच्या छपरावरून पडून एक शेतमजूर प्राणास मुकला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी गांजा बाळगण्याच्या संघीय गुन्ह्यांना माफी दिली. ती नागरिकांना व कायम रहिवाशांना मिळाली. कागदपत्रांविना राहणारे वगळले गेले. ज्यांना मिळाली, त्यांचीही हद्दपारीची टांगती तलवार त्या माफीने दूर झाली नाही.

कोणी म्हणेल, कायदा मोडला तर फळ भोगावेच. व्यसनमुक्तीचा आग्रह आपल्या चळवळीने नेहमीच धरला आहे. गांजाची भलावण करण्यासाठी मी उभा नाही. प्रश्न समतेचा आहे. एकाच कृत्यासाठी एकाला काहीच शिक्षा नाही, आणि दुसऱ्याला पत्नी, मुले, रोजगार यांपासून कायमचे तोडणे, हा भेद केवळ जन्मभूमीवरून होत असेल, तर त्याला न्याय म्हणता येणार नाही. किरकोळ गांजा बाळगण्याचा हद्दपारीशी व प्रवेशबंदीशी असलेला संबंध तोडावा, राज्याने दिलेली माफी संघाने मानावी, आणि प्रत्येक माणसाची परिस्थिती पाहून निर्णय देण्याचा अधिकार न्यायाधीशांना परत मिळावा, या तेथील चळवळींच्या मागण्यांना आपण पाठिंबा दिला पाहिजे.

आपल्या गावांतूनही मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी तिकडे जातात. दुकानाची पाटी पाहून फसू नका, परदेशी माणसासाठी कायदा निराळा आहे, एवढे त्यांना निघण्यापूर्वी जरूर सांगा.