पट्टीवरील पुसट रेषा
(भाषणाचा मजकूर)



धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील भूम, वाशी, कळंब, परंडा या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात. त्या गावी परततात ते उन्हाळ्याच्या तोंडी. अशा टोळीतील एखादी गरोदर स्त्री निघण्यापूर्वी उपकेंद्रात येते. आरोग्यसेविका तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर सोडते आणि सुमारे २० मिनिटांत एच.आय.व्ही. चाचणीचा निकाल हाती येतो. पट्टीवर एकच रेषा उमटली, की ती स्त्री निर्धास्त होऊन कोयता उचलते. तिचे हे निर्धास्त होणे कितपत रास्त आहे, याचा विचार व्हावयास हवा.

ही पट्टी विषाणू पाहत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधते. संसर्गानंतर प्रतिपिंडे पुरेशा प्रमाणात तयार होण्यास काही आठवडे, क्वचित तीन महिनेही लागतात. या मधल्या काळात रक्तात विषाणू असतो आणि पट्टी मात्र कोरी राहते. उपचार न मिळाल्यास मातेकडून बालकाकडे संसर्ग जाण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर औषधे मिळाल्यास ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. चुकलेल्या एका रेषेची किंमत ही अशी आहे.

पट्टीची रचना साधी, पण मोठी चतुराईची आहे. थेंब पुढे सरकताना त्याला सोन्याचे अतिसूक्ष्म कण भेटतात. हे कण लाल दिसतात. रक्तात प्रतिपिंडे असतील तर ती या कणांसह वाहत जाऊन, पट्टीवर आधीच बसवलेल्या प्रतिजनाच्या ओळीत अडकतात व रेषा उमटते. दुसरी रेषा केवळ पट्टी नीट चालली की नाही, हे सांगते. ती न उमटल्यास चाचणी रद्द समजावी.

बाधितांपैकी किती जणांना चाचणी अचूक हेरते, याला तिची संवेदनक्षमता म्हणतात. ती वाढविण्याचे मार्ग अनेक आहेत. शुद्ध, जनुकतंत्राने बनविलेले प्रतिजन वापरले, की पकड घट्ट होते. सुरुवातीची आणि नंतरची अशी दोन्ही प्रकारची प्रतिपिंडे टिपणारी रचना केली, की निदान लवकर होते. विषाणूचे स्वतःचे प्रथिनही शोधणाऱ्या चौथ्या पिढीच्या चाचण्या हा काळ आणखी घटवितात. द्रवाचा वेग कमी केल्यास प्रतिपिंडांना ओळीशी संयोग पावण्यास अवधी मिळतो. सुवर्णकणांवर चांदीचा थर चढवून किंवा चकाकणारे रंगकण योजून पुसट रेषा ठळक करता येते. मात्र चकाकणारे कण वाचण्यास यंत्र लागते आणि साधेपणा हाच तर पट्टीचा गुण.

संवेदनक्षमता वाढविताना दुसरी बाजू सुटता कामा नये. समजा, १,००० स्त्रियांपैकी ५ बाधित आहेत आणि निरोगी व्यक्तींपैकी १ टक्का व्यक्तींबाबत पट्टी चुकीची रेषा दाखवते. तर सुमारे १० निरोगी स्त्रियांच्या पट्टीवर रेषा उमटेल. म्हणूनच उपकेंद्रातील एका रेषेवर कोणालाही बाधित ठरविले जात नाही. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात वेगवेगळ्या प्रकारच्या तीन चाचण्या करून मगच निदान होते. तोवर आणि त्यानंतरही गुप्तता पाळणे हे २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने बंधनकारक केले आहे. चावडीवर याची चर्चा होणे गैर आहे, हे पंचायत सदस्यांना वेगळे सांगावयास नको.

घाईने आणलेली पट्टी कशी फसते, हे २०२० च्या एप्रिलमध्ये देशाने पाहिले. कोरोनाच्या प्रतिपिंडांसाठी परदेशातून मागविलेल्या संचांचे निकाल राज्याराज्यांत इतके विसंगत निघाले, की त्यांतील दोन कंपन्यांचे संच वापरू नयेत, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेला कळवावे लागले. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने विकसित केलेली प्रयोगशाळेतील एलायझा चाचणी पुढे आली आणि देशव्यापी सर्वेक्षणात शेजारच्या बीड जिल्ह्यासह ७० जिल्ह्यांत तिचा उपयोग झाला. या चाचणीला प्रयोगशाळा लागते, वेळही लागतो. पण घाईच्या चुकीच्या उत्तरापेक्षा ते परवडते.

कारखान्यात मिळविलेली संवेदनक्षमता गावात गमावली जाते, ही गोष्ट मात्र फारशी कोणी बोलत नाही. बहुतेक संच २ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाचे असतात. जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत राहिलेला संच वरून नवाकोरा दिसतो, आतून निकामी झालेला असू शकतो. पाकीट आधीच फोडून ठेवणे, थेंब अपुरा घेणे, ठरल्या वेळेआधी निकाल वाचणे यांमुळेही पुसट रेषा निसटते. उलट फार उशिरा वाचल्यास नसलेली रेषा दिसू शकते. उपकेंद्राला सावलीची, हवेशीर खोली आणि एक तापमापक मिळवून देणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे नाही. भिंतीवर एक चालू घड्याळही हवे.

आता त्या ऊसतोड स्त्रीकडे वळू. संसर्गाचा धोका संभवत असेल तर तिची चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा व्हावयास हवी. पण तेव्हा ती उसाच्या फडात असते. तिच्या माता व बाल संरक्षण कार्डावर पुढील तपासणीची तारीख लिहावी आणि ते कार्ड तिच्या सामानाबरोबर जाईल, हे पाहावे. ही चाचणी पश्चिम महाराष्ट्रातील तसेच कर्नाटकातील शासकीय केंद्रांतही विनामूल्य होते, हे तिला आणि टोळीच्या मुकादमालाही निघण्यापूर्वी सांगावे. निकाल मात्र फक्त तिलाच.