कागद कोणाच्या घरी?
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



अमरावती-अकोल्याहून मेळघाटात येणाऱ्या कार्यकर्त्याला काय यायला पाहिजे, यावर आम्हाला बोलायला सांगितलं आहे. वनहक्क कायदा तर आलाच पाहिजे. ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा, कमीत कमी दोन पुरावे, जास्तीत जास्त चार हेक्टर, हे तुम्हाला पाठ आहे. आम्हालाही पाठ होतं. तरी चुकलो, ते सांगतो.

एका कोरकू गावात आम्ही दोन रात्रीत सगळे दावे लिहून काढले. अक्षर झ्याक, काम झपाट्याचं. प्रत्येक दाव्यात तेच वाक्य, ‘पिढ्यान्‌पिढ्या कसत आहोत’. पडताळणीला माणसं शेतावर आली. एका बाबाला विचारलं, अर्जात काय लिहिलं? बाबा म्हणाले, “मले का मालूम? भाऊनं लिवलं.”

दावा नामंजूर झाला. नामंजुरीचं पत्र बाबांनी विश्वासानं आमच्या हाती दिलं. आम्ही ते पिशवीत घातलं अन् मोर्चाच्या तयारीला लागलो. अपिलाचे ६० दिवस पिशवीतच संपले. उशिराचं कारण लिहून अर्ज दिला आहे. अजून उत्तर नाही. यंदाही बाबांनी तिथंच पेरलं आहे.

त्यानंतर आम्ही कामाची रीत बदलली. आधी शेतावर जातो. दावेदारासंगं धुऱ्यानं फिरतो. जुनी विहीर, घातलेला बांध, पूर्वजांना पुरल्याची जागा, हे सगळे नियमात बसणारे पुरावे आहेत, पण ते तहसिलात बसून दिसत नाहीत. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही पुरावाच. तो कोरकूत ऐकायचा, मराठीत लिहायचा, परत कोरकूत वाचून दाखवायचा. मगच अंगठा. त्यासाठी कोरकू शिकावी लागते. दुभाष्याच्या भरवशावर किती दिवस काढणार?

घरातल्या बाईशी बोलल्याशिवाय अर्ज पुरा करायचा नाही. एका मावशीनं आम्हाला विचारलं होतं, “माहं नाव कुठी हाय?” कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं आहे. आम्ही मात्र नुसत्या नवऱ्याचं नाव लिहून मोकळे झालो होतो.

आता मूळ कागद अन् पोच दावेदाराच्या घरी राहते, आमच्याजवळ फक्त झेरॉक्स. वनहक्क समितीच्या वहीत दाव्याची, पडताळणीची अन् अपिलाची तारीख गावातलंच पोरगं लिहिते. ग्रामसभेत ती वही मोठ्यानं वाचतात. पंधरा दिवस आम्ही गेलो नाही तरी कोणती मुदत जवळ आली हे गावाला माहीत असते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपली पिशवी रिकामी करून या. त्यात कोणाचा मूळ कागद सापडला, तर आधी त्याच्या घरी नेऊन द्या.

जिंदाबाद!